बंद करण्यात येईल

शांती नगर, मीरा रोड
८ फेब्रुवारी १९९९

ती. स्व. वन्संना,
वासंतीचा साष्टांग नमस्कार.

लागली एकदाची बाटली! शनिवारी सकाळी दहा वाजता. पत्र त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळी झाल्या की उठायचं आणि रसिका नीट श्वास घेतेय ना ते बघून यायचं, असं करता करता सोमवार उजाडला. तुमचे बंधुराज म्हणतात, "अगं, तिला झोपू दे. तुझ्या बघण्यानेच आजारी पडेल ती."

औषध परदेशातून येतं, थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवलेलं. एवढीशी कुपी आहे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी रसिकाचं नाव त्या मोफत योजनेत घातलं, त्याचे कागद आठ महिने फिरत होते, हे तुम्हाला माहीतच आहे. पण दर पंधरवड्याला मुंबईला नेणं तिच्या पायांना झेपणार नाही. म्हणून भाईंदरला जेसल पार्कच्या एका नर्सिंग होममध्ये द्यायचं ठरलं. तिथले डॉ. निकेत वर्तक वयाने लहान आहेत, पण माणूस नीट आहे. फ्रिज दाखवला, लाइट गेली तर जनरेटर आहे म्हणाले. मी तो चालू करायला लावून बघितला. ते हसले नाहीत, हे मला आवडलं.

या गॉशे रोगाचं त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या सगळ्यांच्या अंगात एक रस असतो, तो एका जातीची चरबी मोडतो. रसिकाच्या अंगात तो पुरेसा होतच नाही. मग ती चरबी पानथरीत, लिव्हरमध्ये, हाडांत साठत जाते. म्हणून ते पुढे आलेलं पोट, नाकातून येणारं रक्त, ते पाय दुखणं. आता तो रस बाहेरून शिरेत सोडायचा, दर पंधरा दिवसांनी, कायमचा. आपला अभिनव गेला, त्यालाही हेच असणार, असं ते म्हणाले.

एक फॉर्म सही करून दिलाय. चार पानी, सगळा इंग्रजीत. यांनी ऑफिसच्या सवयीने एकेक कलम मराठी करून वाचून दाखवलं. सातवं कलम असं, 'रिॲक्शन आल्यास औषध बंद करण्यात येईल.' मी म्हटलं, परत वाचा. परत तेच. तुम्हाला ठाऊक आहे, यांच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये एखाद्या फाइलीवर 'बंद' असा शेरा पडला की त्या फाइलीला पुन्हा कोणी हात लावत नाही. मग सही केली. दुसरं काय करणार होतो?

खालच्या शाहबेनचा फोन आहे, पण तिथे एक शब्द बोलला की दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीला पाठ होतो. तेव्हा आपली पत्रंच बरी.

तुमची,
वासंती

*

देवरुख
१३ फेब्रुवारी १९९९

प्रिय वासंती,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आता मी नर्स म्हणून लिहितेय, नणंद म्हणून नाही, तेव्हा रागावू नकोस.

कुपी सलाईनमध्ये मिसळताना तू समोर उभी राहा. नाव आणि तारीख वाच. कुपी कोणी खळाखळा हलवत असेल तर सरळ सांग की हलवायची नाही, हळू फिरवायची. पहिला अर्धा तास थेंब सावकाश पडू देत. कोणी म्हणेल, "पटकन संपवून टाकू," तर ऐकायचं नाही. ट्रेमध्ये रिॲक्शनचं इंजेक्शन भरून ठेवलंय का, ते विचार. विचारायला लाजू नकोस, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि बाटली चालू असेपर्यंत तिथून हलायचं नाही. तिचे हात, मान, तोंड उघडं दिसलं पाहिजे. खाज, अंगावर गांध्या, खोकला, छातीत आवळल्यासारखं, यातलं काहीही झालं तरी त्या मिनिटाला हाक मारायची. घरी आल्यावर झालं तरी कळवायचं. हे औषध म्हणजे शरीराला परकी वस्तू आहे. काही जणांचं शरीर आधी कुरकुर करतं, ऐकलं नाही तर मग ओरडतं.

अभिनवबद्दल तू लिहिलंस ते वाचून दिवसभर हातातली कामं चुकत होती. त्याची पानथरी हाताला लागली तेव्हा मी मलेरिया म्हटलं आणि मलेरियाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने दिल्या. तुम्ही दोघांनी मला कधी काही म्हटलं नाहीत, म्हणून ते अजून जास्त लागतं.

तुझी,
उर्मिला

*

शांती नगर
२४ फेब्रुवारी १९९९

ती. स्व. वन्संना सा. नमस्कार.

दुसरी बाटली वीस तारखेला झाली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे समोर उभी राहिले, तारीख वाचली, इंजेक्शन विचारलं. आनंदी सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्ही काय इन्स्पेक्शनला आलात काय?" मी म्हटलं, "हो, देवरुखहून ऑर्डर आहे." रसिका खुदकन हसली. किती दिवसांनी हसली ती वन्सं!

दोन तासांत बाटली संपली. येताना रिक्षावाला एवढा वळणं घेत होता की मीच ओरडले, "भैया, धीरे चलाओ, पेशंट है." त्याने मागे वळून आमच्यापैकी पेशंट कोण ते शोधलं.

शाळेच्या बाईंनी तोंडी परीक्षा बसून द्यायची परवानगी दिलीय. यांची बदली टळली. गच्चीवरच्या टाकीचं काम सुरू झालंय, दिवसभर ठोकाठोक. मी एका जागी बसूच शकत नाही हल्ली, भांडी घासलेली परत घासते. बाकी सगळं ठीक. घरी आल्यावर रसिकाच्या मानेवर नि दंडावर थोडं पित्त उठलं होतं. आदल्या दिवशी पालीच्या सरूबाई कोळणीकडून सोडे घेतले होते, वांग्यात घातले होते, त्याचंच असणार. आमसुलाचं पाणी चोळलं, तासाभरात बसलं. सरूबाईला सांगितलं तर माझ्यावरच उखडली. "माज्या सोड्यांना काय न्हाय जालं, बाय. अख्खा शांती नगर खातंय."

पाडव्याला याल का? खोली तुमचीच आहे.

वासंती

*

देवरुख
१ मार्च १९९९

प्रिय वासंती,
आशीर्वाद.

टाकी, बदली, रिक्षा सगळं वाचलं. मधे एक ओळ पित्ताची. ती तू घाईत लिहिलीस, अक्षरावरून कळतं.

गांध्या किती वाजता उठल्या? बाटली संपल्यावर किती वेळाने? सोडे रसिकाने याआधी खाल्लेत ना? माझ्याकडे मे महिन्यात तिने सोड्यांची खिचडी दोनदा मागून घेतली होती, तेव्हा तिला काही झालं नाही.

आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की त्याला पित्त म्हणतात आणि आमसूल शोधतात. माझी आईसुद्धा हेच करायची. पण ही गोष्ट तशी नसेल तर? डॉक्टर वर्तकांना सांगितलंस का, एवढंच मला कळव. पुढच्या बाटलीच्या आधी दोन दिवस तिला साधा वरणभात दे, म्हणजे सोड्यांवर आळ घालता येणार नाही.

उर्मिला

*

शांती नगर
१० मार्च १९९९

ती. स्व. वन्संना नमस्कार.

तिसरी बाटली सहा तारखेला झाली. काहीही झालं नाही. वरणभातच दिला होता. नर्सिंग होमच्या एसीत तिला थंडी वाजते म्हणून लांब हाताचा स्वेटर घातला होता, छान झोपली होती. निघताना आमसुलाचं सरबत पाजून नेलं, ते अंगाला थंड असतं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम.

वन्सं, राग मानू नका, पण तुम्ही सारख्या दवाखान्यात असता, तुम्हाला जिथे तिथे रोग दिसतो. आणि खरंच दिसायला हवा होता तेव्हा दिसला नाही. हे मी लिहायला नको होतं, पण लिहिलंय, आता खोडत नाही.

तिचं नाक पंधरा दिवसांत एकदाही फुटलेलं नाही. सकाळी उठून स्वतः वेणी घालते. तुम्हाला कळतंय का मी काय लिहितेय? मला या घरात काही बंद व्हायला नकोय. यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पत्र घालू नका, यांना उगाच काळजी.

वासंती

*

देवरुख
१५ मार्च १९९९

प्रिय वासंती,

खोडायची गरज नव्हती. ते वाक्य मी गेली सात वर्षं रोज स्वतःला म्हणते, तू पहिल्यांदा म्हटलंस. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आता ते बाजूला ठेव.

मार्च महिन्यात, भाईंदरला, स्वेटर? मी सांगितलं होतं हात उघडे दिसले पाहिजेत, आणि तू ते झाकलेस. आमसुलाचं सरबत आधीच पाजून नेलंस. न झालेल्या पित्ताला कोणी आधी औषध देत नाही.

तुझ्या पत्रात 'बंद' हा शब्द आला आणि मी तुझं पहिलं पत्र काढून वाचलं. ते सातवं कलम. तू घाबरली आहेस, की सांगितलं तर ते औषध काढून घेतील. कदाचित घेतीलही, मला माहीत नाही, असला फॉर्म मी पाहिलेला नाही. पण न सांगता पुढची बाटली लावलीस तर काय होऊ शकतं ते मला माहीत आहे. वॉर्डात पाहिलंय. गांध्या आधी कातडीवर उठतात, नंतर घशात सूज येते.

चौथी बाटली वीसला आहे. मधे पाडव्याची सुट्टी, हे पत्र तुला एकोणीसला मिळालं तर नशीब. रजा मागितली, मिळाली नाही. तार केली असती तर ती तुझ्या नवऱ्याच्या, उत्तमच्या हातात पडली असती. डॉक्टर वर्तकांच्या नावाने एक पत्र लिहून पाकिटात घातलंय, पेटीत टाकलेलं नाही. तू सांगावंस असं मला वाटतं. तू तिची आई आहेस.

उर्मिला

*

शांती नगर
२२ मार्च १९९९

ती. स्व. वन्संना,

तुमचं पत्र एकोणीसलाच आलं. वाचलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं. आणि शनिवारी सकाळी तिला स्वेटर घातला. हो, घातला. आता सगळं खरं लिहिते.

दुसऱ्या बाटलीच्या गांध्या घरी नव्हत्या उठल्या, बाटली अर्धी असतानाच उठल्या होत्या. मी पदराने झाकल्या. तिसऱ्या वेळी दोन्ही हात भरून उठल्या, स्वेटरच्या आत. रसिका म्हणाली, "आई, खाजवू?" मी म्हटलं, "वरून चोळ, आणि कोणाला बोलू नकोस. बाटली बंद करतील." दहा वर्षांची पोर, गुमान डोळे मिटून पडली. मी तुम्हाला लिहिलं की छान झोपली होती.

परवा आनंदी सिस्टर जवळच बसली होती. मीच म्हटलं, "तुम्ही तुमची कामं करा, मी आहे ना." ती शेजारच्या खोलीत ड्रेसिंगला गेली. चाळीस मिनिटं झाली असतील. रसिका खोकली. मग परत. मी म्हटलं, पाणी देऊ? ती काहीतरी बोलली, पण तो तिचा आवाजच नव्हता, घोगरा, कोणातरी म्हाताऱ्या माणसाचा. ओठ जाड झाले होते. माझ्याकडे बघत होती. हाक मारू का, असं मला विचारत होती वन्सं, डोळ्यांनी. एवढं होऊनही माझी परवानगी मागत होती.

मला वाटलं, आता मी ओरडले की संपलं. नाक परत फुटेल, पोट परत वाढेल, अभिनवच्या वाटेने ही पण जाईल, आणि पाठवणारी मी असेन. हे सगळं मला वाटलं आणि तरीही मी ओरडले. "बंद करा! डॉक्टर, बंद करा!" असं इतक्या जोरात की खालचा केमिस्ट वर आला.

डॉक्टरांनी धावत येऊन नळीचं चाक फिरवलं, थेंब थांबले. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. वीस मिनिटांनी तिने माझ्याकडे बघून मान हलवली, की बरं वाटतंय.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं का?" रसिका म्हणाली, "दोनदा. पण नुसत्या गांध्या."

ते इतके चिडले! "मॅडम, सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "औषध बंद केलं असतं तुम्ही. फॉर्ममध्ये लिहिलंय. सात नंबर."

त्यांनी कपाटातून फॉर्म काढला, वाचला, परत वाचला. "अहो, बंद म्हणजे ही बाटली. त्या वेळची. रिॲक्शन आली तर ड्रिप थांबवा, असं डॉक्टरसाठी लिहिलंय ते. औषध कायमचं बंद असं कोण बोललं तुम्हाला?"

कोण बोललं? कोणीच नाही. आम्हीच एकमेकांना वाचून दाखवलं. उरलेलं औषध त्यांनी ओतून टाकलं, ते बघताना माझा जीव तुटत होता. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी अर्धा तास आधी ॲलर्जीचं औषध देऊ, ड्रिप एकदम स्लो ठेवू, आणि मी स्वतः बसेन."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी? म्हणजे पुढची वेळ आहे?"

"तीन एप्रिल," ते म्हणाले. "आणि स्वेटर घरी ठेवा."

संध्याकाळपर्यंत तिला तिथेच झोपवून ठेवलं. यांना सगळं सांगितलं. हे फॉर्मची झेरॉक्स घेऊन गॅलरीत उभे राहिले, बराच वेळ. मग आत येऊन म्हणाले, "थांबवण्यात येईल, असं वाचायला हवं होतं मी." दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तुम्ही माझ्याशी बोलणार नसाल तर मी समजेन.

वासंती

*

देवरुख
२७ मार्च १९९९

प्रिय वासंती,
तुला आणि माझ्या पोरीला खूप आशीर्वाद.

तू खरं लिहिलंस, आता माझं ऐक. पित्ताची ती पहिली ओळ वाचली तेव्हाच मला कळलं होतं ते काय आहे. पंचवीस वर्षं नोकरी केलीय, एवढं न कळायला झालंय काय? आमच्या हॉस्पिटलचा फोन त्या आठवड्यात चालू होता. जेसल पार्कच्या नर्सिंग होमचा नंबर काढणं काही अवघड नव्हतं. मी फोन केला नाही.

तुझ्यावर सोडलं, तू आई आहेस असं मोठ्या तोंडाने लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. मी फोन केला आणि त्यांनी औषध थांबवलं असतं, तर तुमच्या दुसऱ्या मुलालाही माझाच हात लागला असता. मला ते नको होतं. मी स्वतःला वाचवत होते, वासंती, आणि पाकीट टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. वीस तारखेला दिवसभर मी रस्त्यावरच्या प्रत्येक पोस्टमनकडे बघत होते.

म्हणजे तू एकटीच नव्हतीस. आपण दोघींनी मिळून त्या पोरीला गप्प बसवलं.

चार दिवसांची रजा मिळालीय. दोन तारखेला सकाळी पोचते. तीनला मी तिच्या पायाशी बसेन, तू डोक्याशी बस. काय लागेल ते डॉक्टर बघतील.

उर्मिला

*

शांती नगर
१९ एप्रिल १९९९

प्रिय आत्यास,
रसिकाचा नमस्कार.

हे पत्र माझं मी लिहितेय, आई वाचणार नाही असं तिने कबूल केलंय. तू गेल्यापासून घर शांत झालं आणि बाबा परत जेवायला लागले. माझं पोट अडीच सेंटीमीटर कमी झालं. निळा फ्रॉक कमरेत सैल होतो, आई तो टाचून देत नाही, म्हणते होऊ दे सैल.

शनिवारी सहावी बाटली झाली. आता साडेचार तास लागतात. डॉक्टरकाका येऊन बसतात आणि पेपर वाचतात. तू होतीस तेव्हा ते तुला विचारत होते, आठवतं? आता ते आईला काहीच विचारत नाहीत. मला विचारतात, "रसिका, बोल." आईला त्याचं वाईट वाटतं. ती म्हणते नाही वाटत, पण वाटतं.

आत्या, मला तुला एक सांगायचं आहे. अर्धी बाटली झाली तेव्हा माझ्या तळहाताला खाज आली. थोडीशीच. हात चादरीखाली होता, कोणी बघितलं नव्हतं. डॉक्टरकाका पेपर वाचत होते. आई आनंदी सिस्टरशी बोलत होती, काहीतरी गंमत चालली होती, आणि आई अशी हसत होती की मी तिला तसं हसताना कधी बघितलंच नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. मग परत शंभर. मग हात बाहेर काढला आणि सांगितलं.

काकांनी लगेच चाक फिरवलं. अजून एक औषध दिलं, अर्धा तास थांबले, मग खूप हळू चालू केलं. मला काही झालं नाही, खोकला पण नाही. बाटली पूर्ण संपली.

काका बाहेर गेल्यावर आईने विचारलं, "कधी सुरू झाली खाज?" मी आकडे मोजल्याचं सांगितलं. तिने माझा हात घट्ट धरला. "अगं, मग एवढा वेळ का थांबलीस?"

मी म्हटलं, "तू हसत होतीस म्हणून."

तुझी,
रसिका